डालग्याखालचं पीठ

"सोम्या, बाजूला हो रे! पाण्यात तुझं डोकं दिसतंय."

"डोकं हाय तं दिसल नाय?" सोम्या गुडघाभर पाण्यात उभा होता, जागचा हलला नाही. "पायाखाली मळी हाय दामूदादा. हलवली तं पाणी गढूळ होल. मंग मलाच बोलशील."

"मग हळूच ये. काठाकाठानं ये."

"येतो. तू तवर तुझ्या फडक्यात जाऊन बस."

दामोदर काळ्या फडक्याखाली शिरला. तिकाटण्यावरच्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर नदी उलटी झालेली होती. आभाळ खाली, पाणी वर, आणि मधे धुक्याचा पांढरा पट्टा. त्या पट्ट्यातून एक लंगोटीवाला माणूस डोकं खाली पाय वर करून हळूहळू काठाकडे सरकत होता. तो काचेच्या कडेबाहेर गेला तेव्हा दामोदरला बरं वाटलं. आता चित्र स्वच्छ झालं.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही सकाळ. जव्हार तेव्हा संस्थान होतं. दामोदर तिथे बांधकाम खात्यात कारकून होता. दिवसभर दगडमातीची बिलं उतरवायची, वरिष्ठ आले की उठायचं, गेले की बसायचं. असली नोकरी करणारी माणसं संध्याकाळी देवळात जातात नाहीतर पत्त्यांना बसतात. दामोदरनं एका जंगल साहेबानं जाताना विकायला काढलेला कॅमेरा घेतला. साहेबाच्या बटलरकडून फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायची विद्या अर्धीमुर्धी शिकला, उरलेली आपली आपण, हात काळे करून. आणि दर हिवाळ्यात सुट्टी मिळाली की वावर गावच्या वाटेनं खाली उतरून नदीच्या या वळणावर येऊ लागला.

हिवाळ्यातच का, तर पावसात नदी तांबडी असते आणि उन्हाळ्यात नसतेच. भात खळ्यावर गेलं, नागली घरात आली, की पाणी नितळ होतं. पहाटे डोहावर धुकं उतरतं. लव्हाळ्यांच्या टोकांना दव लागतं. खंड्या वाकलेल्या फांदीवर येऊन बसतो आणि त्याला थंडी वाजत नाही असं दाखवतो. हे सगळं सूर्य डोंगरावर येईपर्यंत. एकदा ऊन पाण्याला लागलं की धुकं उठलं, खेळ आटोपला.

सोम्याचं या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला वेठीला धरून आणलं होतं. सरकारी माणूस रानात निघाला की पाड्यावरच्या कुणीतरी त्याचं ओझं वाहायचं, फुकट, हा तेव्हाचा कायदा. कायदा कसला, बळजोरी. दामोदर साधा कारकून, पण त्याच्या डोक्यावर काळी टोपी होती, तेवढी पुरली. पहिल्या वर्षी पोलिसपाटलानं सोम्याला नांगरावरून उठवून पेटी त्याच्या डोक्यावर दिली. पुढच्या वर्षी दामोदर आला तेव्हा सोम्या आपणच वाटेवर बसलेला होता.

"तुला कुणी बोलावलं?"

"कोनी नाय. पन दुसरा कोनी नेल तं फोडल तुझी पेटी. आमच्यातलं लोक लई आडदांड."

असं ते जमलं ते जमलंच. सोम्या सगळ्या पाड्यासारखाच दामोदरला "तू" म्हणायचा. जव्हारच्या बाजारात एकदा त्यानं "ए दामूदादा, तू हाय कं बरा?" अशी हाळी दिली तेव्हा पेढीवरचे लोक हसले होते. दामोदरचे कान लाल झाले होते. पण नदीवर त्याला ते "तू" चालायचं.

प्लेट झाल्यावर दोघं शेकोटीपाशी बसत. सोम्याची बायको रामी मडक्यात वालाच्या शेंगा उकडून आणायची. दामोदर आपला डबा उघडायचा, तो चार हात लांब बसून. शेंगा मात्र घ्यायचा. शेंगा सोलून खायच्या, त्यांना कुणाचा हात लागत नाही, असा त्यानं मनाशी हिशेब लावलेला होता. आमच्या शहाण्या लोकांचे हिशेब असेच असतात.

"एक इचारू?" सोम्या शेंग चोखत म्हणायचा. "तू पानी घरी नेतोस, धुकं नेतोस. बगळा नेतोस. मासा कवाच नाय नेत. खातोस काय रे तू?"

रामी तोंडावर पदर घेऊन हसायची. "बगळा बी तसाच उभा ऱ्हातो तासभर. पन तो मासा तरी धरतो."

"ह्याला बायकोनं हाकलला असल सकाळचा," सोम्या म्हणायचा. आणि दामोदरही हसायचा.

बायकोनं हाकललं नव्हतं, पण पुष्पावतीबाईंचं म्हणणं निराळं नव्हतं. जव्हारच्या घरात न्हाणीघराच्या खिडकीला लाल कागद चिकटवून दामोदर प्लेटा धुवायचा, तेव्हा त्या बाहेरून म्हणत, "सासूबाई गेल्या, त्यांचा एक फोटो नाही घरात. आणि बगळ्यांचा ढीग पडलाय. उद्या मी गेले तर कोणता बगळा दाखवून सांगणार आहात, ही माझी बायको?"

"माणसं हलतात," दामोदर आतून म्हणायचा.

खरं कारण ते नव्हतं. माणूस आला की चित्राला काम चिकटतं, भूक चिकटते, फाटकं लुगडं चिकटतं. दामोदरला आठवड्याचे सहा दिवस पुरेशी माणसं भेटत होती. सातव्या दिवशी त्याला नुसतं पाणी हवं होतं. मी त्याला त्यासाठी दोष देत नाही. पुढं जे झालं त्यासाठी देतो.

मानमोडी आली. पाऊस आधीच दगा देऊन गेला होता, त्यावर हा ताप. जव्हारात माणसं मेली तेव्हा रडायला तरी माणसं होती. पाड्यांवर तीही उरली नाहीत. सोम्या तीन दिवस तापात पडला आणि गेला. दामोदरला ही बातमी बाजारात कळली, दाणे घ्यायला आलेल्या सोम्याच्या भावाकडून. बुध्या त्याचं नाव.

"तो गेला दामूदादा," बुध्या म्हणाला, आणि दाण्याकडे वळला. घरी खाणारी तोंडं होती.

त्या हिवाळ्यात दामोदर नदीवर गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याला पाठवलं गेलं.

मुंबईकडचा कुणी गोरा पाहुणा शिकारीला येणार होता. त्याला जाताना संस्थानच्या निसर्गाच्या देखाव्यांचं एक पुस्तक भेट द्यायचं ठरलं. पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या चंद्रकांतरावांना कुणीतरी दामोदरचं नाव सांगितलं. त्यांनी त्याला खुर्ची दिली. कारकुनाला खुर्ची! त्याच्या चित्रांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "वा! असंच पाहिजे. नदी, झाडी, धुकं. मधे कुणी उघडंनागडं नको. आणि हे काम नीट झालं, तर फोटोग्राफरची जागाच काढू आपण. बिलं उतरवायला दुसरे आहेत."

दामोदर घरी आला तो उडतच. "कारकुनी सुटेल," त्यानं बायकोला सांगितलं. पुष्पावतीबाईंनी गुळाचा सांजा केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कॅमेऱ्यावरची धूळ स्वतःच्या पदरानं पुसली.

सोबत रघ्या पट्टेवाला दिला होता. पितळी बिल्ला, पायात वहाणा, आणि वहाणांपेक्षा करकरणारा आवाज. पेटी उचलायला त्यानं वाटेतलाच एक माणूस धरला. अंधार फाकत होता तेव्हा ते वळणावर पोचले.

धुकं असं उतरलं होतं, की दामोदरनं आधी कधी पाहिलं नव्हतं. पैलतीर नाहीसा झालेला. डोहावर पांढरी वाकळ, तिच्यातून फक्त उंबराची फांदी बाहेर आलेली. आणि अलीकडच्या काठावर, बरोब्बर त्याच्या चित्राच्या मधोमध, सारवलेल्या जागेवर एक डालगं पालथं घातलेलं. कोंबड्या झाकायचं असतं तसलं. त्याच्याशेजारी विझत आलेली पणती.

जरा वर, झाडाखाली, घोंगड्या पांघरून पाड्यावरची माणसं बसली होती. रात्रभर जागलेली. त्यातून रामी उठून आली. वाळली होती. कडेवर चैती होती, सोम्या गेला तेव्हा अंगावर पिणारी पोर.

"आला कं दामूदादा," ती म्हणाली. तिला आनंद झाला होता. तो सोम्यासाठीच आला, असं तिला वाटलं. "बरं केलंस. आज त्याचा दिवस घातलाय. गेल्या साली भातच नव्हता घरात. तो तसाच उपाशी फिरत व्हता दारात. आता घातला."

दामोदरला ही रीत माहीत होती. सोम्यानंच कधीतरी सांगितली होती. मेलेल्याचा दिवस घालायचा, त्या रात्री पाण्याच्या काठी तांदळाचं पीठ चाळून सारखं करायचं आणि डालग्यानं झाकायचं. गेलेला माणूस रात्री येतो, पिठावर पाऊल ठेवून जातो. वाघाचं, पाखराचं, मुंगीचं, माणसाचं, ज्या रूपात गेला असेल त्याचं. सकाळी पहिलं ऊन डालग्याला लागलं, की घरधनिणीनं ते आपल्या हातानं उचलायचं. पाऊल दिसलं की तो सुटला, घर सुटलं. उन्हाआधी कुणी उचललं तर तो अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो. आणि दिवस घालायचा म्हणजे सगळ्या पाड्याला भात, दारू, भगताचा मान. एका पिकात एकदाच झेपतं, तेही पीक आलं तर.

"रामी," दामोदर म्हणाला, "मला इथंच फोटो काढायचाय. दरबारचं काम आहे. ते डालगं जरा..."

"काढ की. ऊन येवंदे. डालगं उचललं की काढ. किती बी काढ."

"ऊन आलं की धुकं जाईल."

"आं?"

"धुकं जाईल गं! मला धुकंच पाहिजे."

"उद्याला बी धुकं पडल दादा," ती समजुतीनं म्हणाली. पोराला सांगतात तसं. "तो उद्याला नाय येनार."

"उद्या पाहुणा जातोय. संध्याकाळी चित्रं द्यायचीत. आता तूच बघ..."

तो वळला आणि तिकाटणं उभं करू लागला. मनात म्हणाला, बघू, जागा थोडी बदलून जमतं का. खरंच म्हणाला असेल. त्यानं कॅमेरा डावीकडे घेतला तर उंबराची फांदी सुटत होती, उजवीकडे घेतला तर दरड येत होती. मागं सरकला तरी डालगं होतंच. काळ्या फडक्याखाली त्याच्या कानशिलाला घाम आला. काचेवर नदी उलटी टांगलेली, आणि वरच्या बाजूला ते डालगं, पोळ्यासारखं लोंबणारं.

मग काचेत दोन पाय आले. वहाणा घातलेले. एक हात आला. डालगं उचललं गेलं आणि कडेबाहेर नाहीसं झालं.

काठ मोकळा झाला. धुकं, फांदी, पाणी. त्या क्षणी दामोदरच्या मनात एवढंच आलं, की आता बरोबर आहे.

मग रामीची किंकाळी आली.

तो फडक्याबाहेर आला. रघ्या डालगं हातात धरून उभा होता. "काय आरडतेस? डालगंच आहे ना? हे घे तुझं डालगं," म्हणत त्यानं ते फेकलं. माणसं धावत खाली आली होती. फागू भगत पिठावर वाकला. पीठ जसं चाळलं तसंच होतं. पांढरं, सपाट. त्यावर काही नव्हतं.

"नाय आला?" रामीनं विचारलं.

"येत व्हता," फागू म्हणाला. "उघडलं. फिरला माघारी."

बुध्या रघ्याच्या अंगावर गेला. रघ्यानं बिल्ल्याला हात लावून दाखवला. "हात लाव! लाव ना! सगळा पाडा चौकीवर नेऊन बसवतो." बुध्या थांबला. सगळेच थांबले. त्या बिल्ल्यापुढं पाड्यांवरच्या लोकांचे हात किती पिढ्या असे अर्ध्यावर थांबले, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. इतिहास लिहिणारे जेवायला वाड्यावर जात होते.

रामी दामोदरकडे बघत होती. ओरडत नव्हती. तो काहीतरी बोलेल, रघ्याला एक शब्द तरी बोलेल, अशी तिला खात्री होती.

डोंगराच्या कडेला पिवळं दिसू लागलं होतं. धुक्याची वरची कड विरायला लागली होती.

दामोदरनं प्लेट सरकवली. भिंगावरचं झाकण काढलं. मनात आकडे मोजले, झाकण परत लावलं.

चित्र फार सुरेख आलं. मला ते नाकारता येत नाही. पाहुण्यानं पुस्तक चाळताना त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला म्हणे, की काय भाग्यवान मुलुख आहे, इथं अजून माणसाचा हात लागलेला नाही. चंद्रकांतरावांनी हे मोठ्या अभिमानानं कचेरीत सांगितलं. पाहुणा पुस्तक घेऊन गेला, आणि त्याच्याबरोबर फोटोग्राफरच्या जागेची गोष्टही गेली. पुन्हा कुणी दामोदरला खुर्ची दिली नाही. त्यानंही आठवण करून दिली नाही. पुष्पावतीबाईंनी एकदाच विचारलं, "काय झालं हो त्या जागेचं?" तो म्हणाला, "नको मला." बाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर बाजारात रामी दिसली. नागलीचं गाठोडं घेऊन बसली होती. दामोदर समोर जाऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. भर बाजारात.

"रामी."

"काय पायजे? नागली घेतोस कं?"

"यंदा दिवस घालणार आहेस?"

तिनं गाठोड्याची गाठ उगाच सोडली, उगाच बांधली. "भात आलाय थोडा. बुध्या बोलतो घाल. फागू बोलतो एकदा फिरलेला येल, नाय येल, काय सांगावं." मग म्हणाली, "रोज रात्री भाकर ठेवते दाराम्होरं. चैती इचारते, आई, कोनाची? काय सांगू?"

"मी येऊ?"

"पट्टेवाला आनशील?"

"नाही. एकटाच येईन."

रामीनं खांदे उडवले. "नदी काय माजी हाय? ये."

तो आदल्या संध्याकाळीच गेला. कॅमेरा घेऊन गेला होता, का ते त्याचं त्यालाच नीट सांगता आलं नसतं. कदाचित, निदान या वेळी त्यांच्यासाठी काहीतरी काढून द्यावं, असं मनात असेल. कुणी त्याला बस म्हणालं नाही, ऊठही म्हणालं नाही. पहाटे तो इतरांबरोबर झाडाखाली घोंगडीत बसलेला होता. धुकं आलं. त्या दिवसासारखंच आलं, उंबराची फांदी सोडून सगळं गिळून बसलं. दामोदर डालग्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो उन्हाची वाट बघत होता.

ऊन डोंगरावरून उतरलं. फांदीला लागलं. पाण्यावर आलं, धुकं उठून चालतं झालं. मग डालग्याच्या कडेला लागलं. रामी उठली, लुगडं सावरलं आणि दोन्ही हातांनी डालगं उचललं.

पिठावर बारीक खुणा होत्या. तीन बोटं पुढं, एक मागं. या कडेकडून त्या कडेला.

"आला!" बुध्या ओरडला.

सगळी वाकली. फागूनं हातानं मागं सारलं. "दाटी करू नका. पाखरू हाय."

"बगळा," कुणीतरी म्हणालं.

"बगळ्याचं एवढंसं? डोळं फुटलं कं तुझं?"

"टिटवी असल."

"टिटवी नको गं बाय, रात्रभर कोकलल. जिता व्हता तवा बी कवा गप बसला नाय."

"तेच्यामुळं बोलतो ना, टिटवीच!"

हशा झाला. रामीही हसली, रडता रडता. "नाय, नाय. परीट हाय तो. शेपूट हलवत काठाकाठानं फिरतो बघ, तो. याला फिरायचीच हौस. घरात बसला असता तं ना!" तिनं चैतीला वाकवलं. "बघ गं. बा आलता तुझा. बघून घे."

चैतीनं बोट पुढं केलं. फागूनं तिला अडवलं नाही. पोरीनं एका खुणेजवळ बोट टेकवलं आणि पटकन मागं घेतलं.

दामोदर कधी उठला आणि कॅमेरा घेऊन कधी खाली आला, त्याला कळलं नाही. तिकाटणं त्यानं उघडलं होतं. "रामी," तो म्हणाला. "मी याचा फोटो काढतो. जवळून. स्वच्छ येईल. ही पावलं कायम राहतील तुझ्याजवळ. पोरीला मोठेपणी दाखवता येईल. तुम्हीही सगळे बसा भोवती. हलू नका फक्त."

सगळे रामीकडे बघू लागले.

रामीनं कॅमेऱ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, हेच त्याला सोसलं नाही.

"ठेवायचं नसतं दादा," ती म्हणाली. "ठेवलं तं तो जाल कसा?"

ती गुडघ्यांवर बसली. तळवा पिठावर ठेवला आणि एका कडेनं पुसत आणलं, घरात जोतं सारवताना हात फिरवतात तसं, सावकाश, कुठं राहू न देता. सगळं पीठ ओंजळीत गोळा केलं. काठाशी जाऊन वाकली आणि ओंजळ पाण्यात सोडली.

पाणी तेवढ्यापुरतं दुधासारखं झालं. खालून बारीक मासे आले, झुंडीनं, एकमेकांना ढकलत. रामी हात पाण्यातच ठेवून बसून राहिली. मासे तिच्या बोटांना लागत होते. थोड्या वेळानं पाणी पुन्हा नितळ झालं, तळाचे गोटे दिसू लागले.